राजीनामा मंजूर

परवा फोनवर तू म्हणालीस, "आजी, कॉलेजच्या ख्रिस्ती मंडळाची लीडर हो म्हणून माझ्या मागे लागलेत. म्हणे सगळ्या तऱ्हेच्या मुलांनी पुढं यायला हवं. मला वाटतं, फोटोत एक सावळा चेहरा हवाय त्यांना." हे तू इंग्रजीत म्हणालीस आणि हसलीस. मग विचारलंस, "तू चंदीगडला असताना लीडर कसे निवडायचीस?" मी म्हटलं, लिहून कळवते.

इंग्रजीत लिहिलं असतं तर परदेशात वाढलेल्या तुम्हा तिघा भावंडांना सोपं गेलं असतं. पण इंग्रजीत मी फार सभ्य होते, आणि ही गोष्ट एका मराठी शब्दाची आहे. अडेल तिथे आईला विचारा.

आम्ही चंदीगडला गेलो ते तुमच्या आजोबांच्या नोकरीमुळे. ते तिथल्या मेडिकल इन्स्टिट्यूटमध्ये डॉक्टर होते आणि मी युनिव्हर्सिटीत इंग्रजी शिकवत होते. आम्ही नगरचे ख्रिस्ती, मिशनच्या शाळेत शिकलेले. तिथल्या मराठी मंडळात आम्हाला ख्रिस्ती म्हणून थोडं वेगळं धरत आणि चर्चमध्ये मराठी म्हणून. त्याचं वाईट वाटायचं असं मात्र मला आठवत नाही. त्या वर्षांत काय वाटायचं हे मला फारसं आठवतच नाही. काय केलं ते आठवतं, कारण मी लिहून ठेवायची.

पंजाबात तेव्हा दहशतवादाचा काळ होता, रोज माणसं मरत होती. सकाळच्या पेपरात आकडा असायचा. सुरुवातीला मी तो आकडा वाचून पेपर खाली ठेवायची आणि थोडा वेळ काही करायची नाही. पुढे आकडा वाचून पान उलटायला लागले. बाजार दिवस मावळायच्या आत बंद व्हायचा. नाक्यानाक्यावर वाळूची पोती रचलेली असत, बस थांबवून सगळ्यांना खाली उतरवत, आणि आपण पर्स उघडून पुढे धरायची. नंतर नंतर कुणी मागायच्या आधीच माझा हात पर्सच्या चेनवर जायचा.

युनिव्हर्सिटीतल्या ख्रिस्ती विद्यार्थ्यांचं एक छोटं मंडळ होतं. ते दर शनिवारी आमच्या घरी जमायचं, तीन ते साडेचार. पाचच्या आत प्रत्येकजण आपापल्या खोलीवर पोचलेला असला पाहिजे हा माझा नियम होता, आणि तो कुणी मोडला नाही. वीस-बावीस मुलं यायची. केरळची चार-पाच, ईशान्येकडच्या डोंगराळ भागातली सहा-सात, एकदोन मद्रासकडची, आणि बाकीची पंजाबी. गिटारवर इंग्रजी गीतं, इंग्रजीत वचन, इंग्रजीत प्रार्थना, मग चहा. पंजाबी मुलं दाराशी बसायची आणि चहा करायला पहिल्यांदा उठायची.

जेवणघराच्या भिंतीवर मी कामांची यादी लावायची. उपासना कोण चालवणार, वचन कोण वाचणार, चहा कुणाकडे. एका जुलैत नवी यादी करताना मागच्या चार याद्या समोर ठेवल्या. उपासना चालवणाऱ्यांत एकही पंजाबी नाव नव्हतं. चहाच्या रकान्यात दुसरं कुठलं नव्हतं. मला ते बरोबर वाटलं नाही. हिशेब चुकला की वाटतं तसं, त्याहून जास्त काही नाही.

पंजाबी मुलांत एक मुलगी होती. इतिहासात एम.ए. करत होती, बी.ए.ला पहिल्या वर्गात आलेली. तिचे वडील आमच्या विभागाच्याच इमारतीत सफाई कामगार होते. रोज सकाळी मी आठ वाजून पन्नास मिनिटांनी पोचायची तेव्हा ते जिन्याच्या शेवटच्या पायरीवर असायचे. झाडू भिंतीला लावून उभे राहायचे आणि म्हणायचे, "जय मसीह की, बीबीजी." मी म्हणायची, "जय मसीह की." दर नाताळात मी त्यांना घरी बोलावून केक द्यायची. त्यांच्यासाठी वेगळी बशी नव्हती, हे मी तेव्हा मनाशी नोंदवून ठेवलं होतं. खुर्ची मात्र मी कधी पुढे केली नव्हती. हे नोंदवायचं मला सुचलं नाही.

मी त्या मुलीला थांबवून घेतलं आणि म्हटलं, या वर्षी मंडळ तू चालव. नाताळचा कार्यक्रमसुद्धा.

"मैं? ना जी."

"का?"

"मॅडमजी, मेरी अंग्रेज़ी सुनके ये लोग हँसेंगे. और जो नहीं हँसेंगे, वो तरस खाएँगे. हँसना ठीक है, तरस नहीं."

मी तिला सांगितलं की नेतृत्व म्हणजे इंग्रजी नव्हे. बरंच काही सांगितलं असणार, अशा गोष्टी मला चांगल्या बोलता येत. ती पायातल्या चपलेकडे बघत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "एक बात मानेंगे? क्रिसमस पे पापाजी को बुलाऊँगी. आगे वाली लाइन में कुर्सी पे बैठेंगे. पीछे खड़े नहीं होंगे."

"अगं, हे काय विचारायचं झालं?"

"पूछने की बात है जी," ती म्हणाली.

मी हो म्हटलं आणि यादीत तिचं नाव लिहिलं.

तीन महिने तिने मंडळ चालवलं. ऑगस्टमध्ये घाबरत, सप्टेंबरमध्ये बरं, ऑक्टोबरमध्ये ती ढोलकी घेऊन आली. पंजाबी ख्रिस्ती लोक स्तोत्रांना ज़बूर म्हणतात आणि ढोलकीवर टाळ्या वाजवत गातात. दाराशी बसणारी मुलं त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्यानं गायली. शेजारच्या सरदारजी प्रोफेसरांच्या मिसेस कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं तक्रार करणार. त्या म्हणाल्या, "आज तो रौनक है!"

तक्रार घरातूनच आली. केरळचा एक मुलगा आधीची दोन वर्षं मंडळ चालवत होता. पीएच.डी. करत होता, गिटार छान वाजवायचा. पुढच्या शनिवारी चहाच्या वेळी तो माझ्याशी इंग्रजीत बोलला, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा. म्हणाला, "मॅडम, हे युनिव्हर्सिटीचं मंडळ आहे की गावचं लग्न?"

ती कप विसळत होती. मान वर न करता हिंदीत म्हणाली, "भैयाजी, गाँव की शादी में खाना भी मिलता है. आप तो दो साल से बिस्कुट पे टरका रहे हो."

मुलं हसली. तो हसला नाही. "आम्हाला पंजाबी कळत नाही," तो म्हणाला.

"हमें अंग्रेज़ी कौन सी आती थी? दो साल बैठे ना?"

त्यानंतरच्या दोन शनिवारी केरळची मुलं आलीच नाहीत. ईशान्येकडची आली, पण गप्प बसली. मी दोघांनाही वेगवेगळं बोलावून सांगितलं की हे तुमचं तुम्ही मिटवा, मी मध्ये पडणार नाही. नेतृत्व शिकवायची ती पद्धत आहे असं मला वाटत होतं.

नोव्हेंबरमध्ये शहरात कर्फ्यू लागला. कशामुळे ते मी इथे लिहीत नाही, तेव्हा कारणं पुष्कळ होती आणि माझ्या डोक्यात ती एकमेकांत मिसळली आहेत. युनिव्हर्सिटी बंद झाली. होस्टेल रिकामी करायला सांगितली, तेव्हा मुलं मिळेल त्या गाडीनं आपापल्या घरी गेली. ती मुलगी मात्र कॅम्पसमध्येच होती, कारण वडिलांना मिळालेल्या क्वार्टरमध्ये ती राहायची.

एका सकाळी कर्फ्यू दोन तास उठला. पेपर उचलायला गेले तर दाराखालून एक कागद आत सरकवलेला दिसला. वहीचं रेघांचं पान, चार घड्या घातलेलं. वरती मधोमध, देवनागरीत, मोठ्या जपून काढलेल्या अक्षरात एकच शब्द होता: राज़ीनामा. त्याखाली पानभर गुरुमुखी. मला गुरुमुखी वाचता येत नव्हतं. इतकी वर्षं राहून बसच्या पाट्यांपुरतंच येत होतं. अगदी खाली दोन सह्या. एक तिची, गुरुमुखीत, आणि दुसरी त्या केरळच्या मुलाची, इंग्रजीत, तो गावी निघाला त्या दिवसाची तारीख घालून.

मी तो शब्द वाचला आणि बाकीचं मला समजलं असं मला वाटलं. पोरीनं राजीनामा दिला. साक्षीदार म्हणून त्याची सही घेतली, म्हणजे सगळं रीतसर. सुटले, असं वाटल्याचं मला स्पष्ट आठवतं. त्या काळातली जी काही थोडी भावना मला आठवते, त्यातली ही एक आहे, म्हणून लिहिते.

आजोबा चहा घेत होते. म्हणाले, "काय गं, काय आलंय?"

"मुलीनं राजीनामा दिला."

"कारण?"

"पंजाबीत लिहिलंय."

"मग विचार कुणाला तरी. शेजारी आहेत ना."

"कर्फ्यूत कुठं लोकांना उठवू? आणि कारण काय असणार? मला माहीत आहे."

मी फाईल काढली. कागदाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात लाल शाईनं 'मंजूर' असं लिहिलं, खाली सही, तारीख. भोक पाडून कागद लावला. मग पेपर उघडला. पहिल्या पानावर एका बसचा फोटो होता. मी आतलं पान काढलं.

डिसेंबरच्या सुरुवातीला युनिव्हर्सिटी उघडली. केरळचा मुलगा परत आला नाही. वडिलांनी पाठवलं नाही, पुढे त्यानं तिकडेच कुठेतरी काम पुरं केलं. नाताळचा कार्यक्रम आठवड्यावर आला होता, आणि त्याआधी शनिवारचं जमणं झालंच नाही. मी ईशान्येकडच्या एका मुलीला उपासना चालवायला सांगितलं. तिचं इंग्रजी उत्तम होतं, आणि मी मनाशी म्हटलं, तीही सगळ्या तऱ्हेच्या मुलांपैकीच आहे. फोटोचं तू म्हणालीस ना, तेव्हा मला हेच आठवलं.

नवी यादी टाईप करून कार्यक्रमाच्या दिवशी युनिव्हर्सिटीच्या हॉलच्या दारावर लावली, कार्यक्रम तिथं होता. ती मुलगी वेळेआधी आली. हिरवा सलवार-कमीज, नवा. ढोलकी कापडात गुंडाळलेली. ती यादीपाशी थांबली. पहिल्या ओळीवर बोट ठेवून बोट हळूहळू खाली आणत गेली, आणि शेवटच्या ओळीवर, जिथं चहाची नावं होती, तिथं थांबली. मी तिचं नाव तिथं घातलं होतं. तिला एकदम वगळल्यासारखं वाटू नये म्हणून.

मी जवळ जाऊन म्हटलं, "ठीक है ना, बेटा?"

ती माझ्याकडे बघत राहिली. बघण्यात राग नव्हता. नाक्यावर बसमधून उतरवतात तेव्हा माणसं ज्या नजरेनं समोर बघतात, तशी ती नजर होती.

"जी, मॅडमजी," ती म्हणाली.

कार्यक्रम वेळेत सुरू झाला आणि वेळेत संपला. मुलं जायला लागली तेव्हा तिचे वडील खुर्च्या घड्या घालून भिंतीला लावताना दिसले. त्यांनी पांढरा शर्ट घातला होता, बाह्यांवर इस्त्रीची धार होती. केसांना तेल. मी म्हटलं, "आज आपकी ड्यूटी थी?" ते म्हणाले, "नहीं बीबीजी. ऐसे ही आ गया." मी त्यांना केकची बशी दिली. त्यांनी ती उभ्याउभ्या खाल्ली.

जानेवारीपासून ती शनिवारी आली नाही. मी हजेरीत तिच्या नावापुढे गैरहजरीची खूण करत राहिले आणि मार्चमध्ये नाव काढून टाकलं. वाटलं, लाजत असेल. सकाळी जिन्यावर वडील 'जय मसीह की' म्हणायचे. त्यात काही बदल झाला नाही.

वर्ष उलटून पुढचा नोव्हेंबर आला. एका शनिवारी मुलं गेल्यावर शेजारचे सरदारजी प्रोफेसर आमच्या भाडेकराराबद्दल काही विचारायला आले. मी फाईल चाळत होते. चुकून मंडळाचीच फाईल हातात आली. तो कागद समोर दिसल्यावर त्यांचे डोळे आपोआप वाचू लागले, वाचता येणाऱ्या माणसाचे लागतात तसे.

"भैणजी, यह तो बड़ा अच्छा राज़ीनामा है. किसने लिखा?"

"एक विद्यार्थिनी होती. सोडून गेली."

"छोड़ के क्यों गई?"

मी म्हटलं, "राजीनामा दिला ना. हाच तो."

त्यांनी चष्मा काढला. "राज़ीनामा देके कोई छोड़ता है? छोड़ने का तो इस्तीफ़ा होता है. राज़ीनामा तो सुलह को कहते हैं जी. दो पार्टियाँ राज़ी हो गईं, काग़ज़ पे लिख दिया, दस्तख़त कर दिए. थाने में रोज़ होता है."

मी त्यांना म्हटलं, वाचून दाखवा. त्यांनी एकेक ओळ हिंदीत सांगितली आणि मी पेन्सिलनं लिहून घेतली. आमच्यात जो झगडा झाला तो मिटला आहे. एक गीत इंग्रजी आणि एक ज़बूर, आळीपाळीनं. गिटार आणि ढोलकी बरोबर वाजेल. प्रार्थना ज्यानं त्यानं आपल्या भाषेत करावी, देवाला कळेल. नाताळची उपासना मी चालवीन. माझ्या वडिलांची खुर्ची भैयाजी स्वतः आणून पुढच्या रांगेत ठेवतील. मॅडमजींनी मंजूर करावं.

"और यह देखो," प्रोफेसर म्हणाले, "ऊपर मंज़ूर भी लिखा है. आपकी साइन है ना यह?"

मी हो म्हटलं. त्यांना भाडेकरार दिला. ते गेल्यावर संध्याकाळचा स्वयंपाक केला. मला रडू आलं असतं तर इथं लिहिलं असतं. आजोबांना जेवताना सांगितलं. त्यांनी घास खाली ठेवला आणि म्हणाले, "मी म्हटलं होतं, विचार." त्यांनी एवढंच म्हटलं, आणि ते खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारी फाईल पिशवीत घालून मी क्वार्टरकडे गेले. युनिव्हर्सिटीच्या मागच्या भिंतीला लागून ती घरं होती. इतकी वर्षं तिथं राहून मी तिकडे गेले नव्हते. अंगणात उन्हात बाज टाकलेली होती आणि तिचे वडील मटार सोलत होते. मला बघून ते ताडकन उठले, घरात गेले आणि एक खुर्ची घेऊन आले. खांद्यावरच्या टॉवेलनं पुसून माझ्यासमोर ठेवली.

"बैठिए, बीबीजी."

मी बसले. ते उभे राहिले. हे मी केलं, बसले. उठायला हवं होतं ते नंतर सुचलं.

ती बाहेर आली. हातांना पीठ होतं. एम.ए. पूर्ण झालं होतं आणि एका खाजगी शाळेत ती शिकवत होती. मी कागद काढून तिच्यासमोर धरला आणि सगळं सांगितलं, हिंदीत, जमेल तसं. आमच्या भाषेत राजीनामा म्हणजे नोकरी किंवा पद सोडल्याचा कागद. मला वाटलं तू सोडलंस.

तिनं वाकून वरचा शब्द वाचला. मग म्हणाली, "राज़ी होके छोड़ते हो आप लोग?"

"हो. म्हणजे तसा शब्द आहे."

"कमाल है." ती वडिलांकडे वळून पंजाबीत भरभर काहीतरी बोलली. मला फक्त 'मराठी' एवढं कळलं. वडील हसले. गेल्या वर्षभरात पहिल्यांदाच मी त्यांना हसताना बघितलं, आणि मग लक्षात आलं की त्याआधीही कधी बघितलं नव्हतं.

तिनं कोपऱ्यातल्या लाल अक्षरांवर पिठाचं बोट ठेवलं. "मंज़ूर का मतलब भी आपके यहाँ उल्टा है?"

"नाही. ते तेच आहे."

"तो आपने मंज़ूर किया था."

"हो."

"मैंने सोचा, आपने पढ़ा और आपको बुरा लगा. कुर्सी वाली बात बुरी लगी होगी, मैंने सोचा."

मी म्हटलं, या नाताळात तू चालव. सगळं या कागदाप्रमाणे होईल. खुर्ची मी स्वतः आणीन. हे मी मनापासून म्हटलं, आणि म्हणताना माझा आवाज नोटीस वाचल्यासारखा येत होता, तोही मला ऐकू येत होता.

ती म्हणाली, "नहीं जी. पापाजी अब नहीं आएँगे. एक बार कमीज़ प्रेस कर ली, बस." मग, माझ्यावर उपकार केल्यासारखं नाही, नुसती माहिती दिल्यासारखं म्हणाली, "इतवार को शाम चार बजे यहीं करते हैं हम. अँधेरे से पहले. मैं ही कराती हूँ. आना हो तो आ जाना."

मी कागद तिला देऊ केला. तो तिचाच होता.

"आप रखो," ती म्हणाली. "काग़ज़ रखना आपका काम है."

पुढच्या रविवारी मी गेले. अंगणात सतरंजी अंथरलेली होती. बायका, पोरं, रविवारच्या सुट्टीतले कामगार, चाळीसेक माणसं असतील. पुढच्या बाजूला एकच खुर्ची होती आणि तिच्यावर तिचे वडील बसले होते, त्याच पांढऱ्या शर्टात. ती उभी राहून वचन सांगत होती. मला पंजाबी नीट कळत नव्हतं. तीन महिने माझ्या जेवणघरात घसा साफ करून करून बोलणारी मुलगी ती हीच का, असं वाटण्याइतकी ती सहज बोलत होती. मला बघून ती थांबली नाही. डोळ्यांनीच मागची जागा दाखवली. मी सतरंजीवर, मागे, चपलांच्या जवळ बसले.

आमची बदली होईपर्यंत मी जमेल त्या रविवारी तिथं जात राहिले. कुणी मला वाचायला सांगितलं नाही, प्रार्थना करायला सांगितलं नाही. चार महिन्यांनी एकदा त्यांच्यातल्या एका बाईनं चहाची किटली माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "आंटीजी, ज़रा उधर दे आओ." मी दिली.

तू विचारलंस, मी लीडर कसे निवडायची. यादी करून निवडायची. त्या याद्या अजून फाईलीत आहेत आणि त्यांतली टाईपची एकही चूक मी खोडल्याशिवाय ठेवलेली नाही. तो कागद सगळ्यात वर लावला आहे. तुला हवा असेल तर फोटो काढून पाठवते. लाल शाई फिकट झाली आहे, पण 'मंजूर' वाचता येतं, आणि तिच्या बोटाच्या पिठाचा डाग त्याच्या शेजारी आहे. तो मी पुसला नाही.